पहिली उचल

कोल्हापुरात एखादी गोष्ट फ्लेक्सवर चढली की ती घडली असं पक्कं समजायचं. वाढदिवस फ्लेक्सवर, तालमीनं फुटबॉलचा चषक मारला की अख्खा संघ फ्लेक्सवर, नवा डंपर घेतला तर हार घातलेला डंपर फ्लेक्सवर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मालकाचे मित्र. दहावी-बारावीचे टक्के तर कधीपासूनच तिथं लागतात. अलीकडं, वळवाचे चार थेंब पडून गेले की, टाय लावलेली आणि हाताची घडी घातलेली तेवीस-चोवीस वर्षांची पोरं चौकाचौकातून आपल्याकडं बघायला लागतात. फोटोखाली नाव, नावाखाली कंपनी, आणि त्याखाली नावाच्या दुप्पट आकारात पॅकेज. ‘वार्षिक’ एवढं मात्र शोधावं लागतं. ते खालच्या कोपऱ्यात, फ्लेक्स छापणाऱ्याच्या मोबाईल नंबरशेजारी असतं.

मला या फोटोंचं फार कौतुक वाटतं. एक तर त्या टायच्या गाठी. त्या बहुधा एकाच मित्रानं सगळ्यांना बांधून दिलेल्या असतात, त्यामुळं दहाच्या दहा गाठी एकाच बाजूला कललेल्या. आणि दुसरं म्हणजे पगाराचा आकडा इतक्या उजळ माथ्यानं चौकात टांगायचं धाडस. आमच्या वडिलांच्या पिढीत पगार ही बायकोलासुद्धा अंदाजानं सांगायची बाब होती. पहिल्या तारखेला पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशातून घरी यायचं, देवापुढं ठेवलं जायचं, आणि देवापुढून उचलताना ते थोडं हलकं झालेलं असायचं. देवानं घेतले की वडिलांनी, याची चौकशी होत नसे. बाहेरच्या कुणी पगार विचारलाच तर ‘भागतंय’ असं उत्तर ठरलेलं. पन्नासात भागायचं तसं पाच हजारांतही भागायचं.

आता व्यवस्थापनाचं शिक्षण कोल्हापूरला नवं नाही. शिवाजी विद्यापीठ 1962 चं. 1976 साली डॉ. ए. डी. शिंदे यांनी छत्रपती शाहूंच्या नावानं इथं एक बिझनेस शिकवणारी संस्था काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचं गावानं ‘सायबर’ करून टाकलं आणि विद्यापीठाच्या वाटेवरचा चौक सायबर चौक झाला. बाहेरगावचा पाहुणा अजूनही तिथं उतरून कॉम्प्युटरची दुकानं शोधतो. पुढं गावात अशा आणखी संस्था झाल्या. साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, सहकारी बँका, फाउंड्र्या. जिल्ह्यात व्यवस्थापन करण्यासारखं पुष्कळ होतं. अडचण एवढीच की ते करायला चेअरमन आधीच बसलेले होते. तेव्हा पोरं शिकून पुण्याची गाडी धरायला लागली आणि पगाराचं नाव पॅकेज झालं.

आमच्या ओळखीचं एक घर शिरोळ तालुक्यात आहे. तीन एकर ऊस, दोन म्हशी आणि एमबीए झालेला एक मुलगा. पुण्याच्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली, 4 लाख 20 हजारांवर. मी पेढे खायला गेलो तेव्हा सोप्यात ऑफर लेटरचं वाचन चाललं होतं. पोरगा इंग्रजी वाचून मराठीत सांगत होता. त्याचे आबा समोर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ऐकत होते. हातात कारखान्याच्या वजनाची पावती, पाठकोरी बाजू वर, आणि बिनटोपणाचं बॉलपेन.

“सीटीसी म्हंजे काय रं?”

“कंपनीला मी वर्षाला केवढ्याला पडतो, ते.”

“तुला किती मिळत्यात ते न्हाई?”

“न्हाई.”

“मग एफआरपी म्हण की सरळ.”

एवढं बोलून आबांनी वर्षाच्या आकड्याला बारानं भागून पावतीवर 35,000 लिहिलं आणि खाली रेघ मारली. वजाबाकीसाठी जागा सोडून.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. केंद्र सरकार दर हंगामाला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर ठरवतं, ती एफआरपी. 2025-26 च्या हंगामाला ती सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,550 रुपये होती. पेपरात तेवढाच आकडा येतो. पण ऊस आपल्या पायानं कारखान्यात जात नाही. तोडायला टोळी लागते, न्यायला ट्रॅक्टर लागतो, आणि हा तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना त्याच दरातून कापतो. उरतं ते शेतकऱ्याच्या खात्यात पडतं, ती पहिली उचल, आणि त्यातूनच पुढं सोसायटीचं कर्ज वळतं होतं. जाहीर झालेला दर आणि हातात पडलेला दर यांच्यामधली वाट ज्यानं तीस वर्षं तुडवली आहे, त्याला सीटीसी समजावून सांगायची गरज नव्हती. उलट पोरगाच मधेमधे अडखळत होता.

पहिली वजाबाकी पीएफची. पोराच्या पगारातून 1,800 रुपये कापणार, हे आबांना मान्य होतं. म्हातारपणाची सोय आहे, असू दे. पण कंपनी आपल्या वतीनं जे 1,800 घालणार तेही याच 35 हजारांत धरलेले होते.

“म्हंजे माझ्याच फडातली मोळी बांधायची, आन् मलाच भेट द्यायची.”

“आबा, पण ते शेवटी माझ्याच खात्यात जातात.” हे पोराचं म्हणणं बरंचसं खरं होतं. सगळंच नव्हतं. कंपनीच्या त्या 1,800 पैकी 1,250 पेन्शनच्या खात्यात जातात आणि पीएफमध्ये उरतात 550. मी हे बोललो नाही. पेढा तोंडात होता.

दुसरी वजाबाकी ग्रॅच्युइटीची, महिन्याला 842. मूळ पगार 17,500, त्याच्या 4.81 टक्के. नोकरीत पाच वर्षं काढली तर ही रक्कम मिळते, हा 1972 सालच्या कायद्यापासून चालत आलेला शिरस्ता.

“आन् चार वर्सांत सोडलीस तर?”

“तर न्हाई मिळत.”

“मग पगारात कशाला धरली?”

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न आला नसावा. पोरानं पान उलटलं. पुढं विम्याचे 500 होते. त्यावर आबा काही बोलले नाहीत; विमा काढलेला माणूस टिकतो अशी त्यांची समजूत आहे. मग आला व्हेरिएबल पे. वर्षाला 42 हजार, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार, पण महिन्याला मिळणार नाही. वर्ष संपल्यावर साहेब काम बघणार, त्याला पाचपैकी आकडा देणार, त्यावरून किती टक्के द्यायचे ते ठरणार.

आबांनी पेन खाली ठेवलं. “म्हंजे उताऱ्यावर. आन् काटा कुणाचा?”

“कंपनीचाच.”

“मग मारणारच.”

काटामारी हा आमच्याकडचा जुना विषय आहे. शेतातून भरून गेलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर हलका कसा भरतो, यावर इथं भाषणं झाली आहेत, मोर्चे निघाले आहेत, खासगी काट्यावर वजन करून आणलेल्या पावत्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर आपटल्या गेल्या आहेत. साहेबानं पाचपैकी तीन दिले, पण माझं काम चारचं होतं, हे सिद्ध करायला पुण्यात खासगी काटा नाही.

तसा उसाला वालीही आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानं कारखान्याला सक्ती आहे की ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाही तर 15 टक्के व्याज. राज्य सरकारनं 2022 मध्ये एफआरपी दोन तुकड्यांत द्यायला मुभा दिली, तर शेतकरी उच्च न्यायालयात गेले आणि 2025 मध्ये ती मुभा रद्द करून आले. 2023 च्या नोव्हेंबरात उसाच्या दरासाठी त्यांनी शिरोली पुलाजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला होता. त्याच महामार्गानं आमची एमबीए पोरं रविवारी रात्री ट्रॅव्हल्समधून पुण्याला जातात. व्हेरिएबलसाठी त्यांनी अजून कुठलाच पूल अडवलेला नाही. जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, पॅकेज परिषद भरत नाही.

शेवटची वजाबाकी व्यवसायकराची, 200 रुपये. इथं पोरानं बापाला एक गंमत सांगितली, ती मला फार आवडली. हा कर महिन्याला 200, पण फेब्रुवारीत 300. वर्षातला सगळ्यात आखूड महिना, आणि कर सगळ्यात जास्त. कारण असं की राज्यघटनेनं या कराला वर्षाला 2,500 ची मर्यादा घातली आहे, आणि बारा महिने 200 घेतले तर 2,400 च होतात. उरलेले शंभर सोडून देणं सरकारच्या जिवावर येतं, ते फेब्रुवारीवर टाकलेले आहेत. आबा हसले. सरकार आपल्यासारखंच आहे हे कळल्यावर माणसाला जसं हसू येतं, तसं.

रेघेखाली आकडा आला 26,358. चार लाख वीस हजारांची पहिली उचल.

घरातल्या कुणाचा चेहरा पडला असेल असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. आबांनी पावती घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “तोडणी-वाहतूक धरून बरा दर बसला.” पोराच्या आईनं, म्हणजे काकींनी, मात्र वेगळंच विचारलं. तिथं खोलीचं भाडं किती, मेसचे किती, आणि मेसवाला कांदा-लसूण चटणी देतो का. भाडं आणि मेस मिळून 14 हजार. चटणी देत नाही. तेव्हा ती ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडून पाठवायची ठरली, बोर्नव्हिटाच्या बरणीत, झाकणाला प्लॅस्टिक लावून. या चटणीची किंमत पॅकेजमध्ये धरलेली नसते.

फ्लेक्सवर आणखी एक आकडा असतो, ‘सरासरी पॅकेज’. याच्याबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. दहावीच्या बीजगणितात सांख्यिकीचं प्रकरण असतं, मध्य, मध्यक आणि बहुलक. दहा पोरांपैकी नऊ जणांना तीन-तीन लाख मिळाले आणि एकाला अठरा, तर सरासरी येते साडेचार लाख. हे साडेचार लाख त्या दहांपैकी कुणाच्याच नशिबात नाहीत. मधल्या पोराला काय मिळालं हे मध्यक सांगतो, तीन लाख. पण मध्यकाचा फ्लेक्स लागलेला मी पाहिला नाही. दहावीत या प्रकरणावर ज्यांनी पैकीच्या पैकी मार्क घेतले तीच पोरं पुढं त्या सरासरीच्या आकड्याखाली टाय लावून उभी राहतात. शिवाय सरासरी काढताना ज्यांना नोकरीच लागली नाही त्यांना धरलं की नाही, हे विचारायचं राहूनच जातं.

मोठ्या ठिकाणी हा घोळ आधीच ओळखला गेला. 1961 साली निघालेल्या अहमदाबादच्या आयआयएमनं पुढं पुढाकार घेऊन प्लेसमेंटचा अहवाल कसा लिहायचा याचे नियमच बांधले. नक्की मिळणारी रोख वेगळी, कामगिरीवरची रक्कम वेगळी, मध्यक दाखवायचा, आणि सगळं बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचं. पेपरवाले तरी त्यातला कोटीचा आकडा तेवढा उचलतात, तो भाग निराळा. हार्वर्डवाले तर आणखी मोकळे. त्यांच्या 2024 च्या एमबीएंचा मूळ पगाराचा मध्यक होता 1 लाख 75 हजार डॉलर. आणि त्याच तुकडीत नोकरी शोधणाऱ्यांपैकी 23 टक्के जण पदवीनंतर तीन महिन्यांनीही नोकरीविना होते, हेही त्यांनीच सांगितलं. हार्वर्ड करून तीन महिने घरी बसलेलं पोरगं डोळ्यांसमोर आणतो तेव्हा मला त्याच्या आईचा आवाज ऐकू येतो. नुसता लोळू नको, गिरणीतनं दळण तरी घेऊन ये.

आमच्याकडं असा तपासनीस बाहेरून आणावा लागत नाही. तो प्रत्येक घरात मामीच्या रूपानं असतोच. फ्लेक्स बघून कुणी लग्नाचं स्थळ सुचवलं की मामी पहिलाच प्रश्न टाकते, “ते असू दे, इनहँड किती?” मग पगाराची स्लिप व्हॉट्सॲपवर येते. मामी ती दोन बोटांनी मोठी करून बघते. पुण्यात खोली स्वतःची की भाड्याची, कर्ज शिक्षणाचं की गाडीचं, शिक्षणाचं असेल तर हप्ता सुरू झाला की अजून सुटीत आहे. शिक्षणकर्जाचा हप्ता बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो; त्या वर्षात लग्न उरकून घ्यायचा काही घरांचा विचार असतो, तो मामीला माहीत आहे. एवढं सगळं झाल्यावर ती शेवटी म्हणते, “त्यापेक्षा जिल्हा परिषदेतला क्लार्क बघा.” अहमदाबादच्या नियमांत हा रकाना नाही.

आमच्या घरातल्या मामीची मुलगी गेल्या साली एमबीए झाली. तिलाही पुण्याचं पॅकेज आलं होतं, जवळपास तेवढंच. ते सोडून ती शिरोलीच्या एका फाउंड्रीत मुलाखतीला गेली. मालक उद्यमनगरात लेथवर उभं राहून वर आलेला माणूस. केबिनमध्ये एसी, पण बोटांच्या पेरांत काळं तेल अजून आहे. त्यांनी बायोडाटा उलटासुलटा बघितला आणि बाजूला ठेवला. बाहेर ओतकामाचा धूर, वाळूचा वास आणि फेटलिंगचा कर्कश आवाज, त्यामुळं सगळं बोलणं ओरडून.

“गिऱ्हाईक माल घेऊन पैसे देईना झालं, तर काय करशील?”

या प्रश्नाला पुस्तकात उत्तर आहे. येणी किती दिवसांची झाली याचा तक्ता करायचा, स्मरणपत्रं पाठवायची. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचे असा 2006 चा कायदाही आहे. पोरीला हे सगळं पाठ होतं. ती म्हणाली, “आधी मेल करतो. मग कायद्याची नोटीस देतो. न्हाईच दिले तर त्याच्या दारात जाऊन बसतो.”

“उद्यापासनं ये.”

पगार वीस हजार. मामीनं आयुष्यात पहिल्यांदा कमी आकड्याची बाजू घेतली. पुण्यात 26 मधून भाडं आणि मेस गेले की 12 उरणार, त्यातून कोल्हापूरच्या फेऱ्या, कपडे, शनिवार-रविवारचं हॉटेल. इथं वीसच्या वीस घरात, डबा घरचा, स्कूटरला पेट्रोल तेवढं. शेजारणीनं विचारलं की एवढी शिकून पोरगी लोखंडाच्या कारखान्यात कशी, तर मामी म्हणते, “सीटीसी कमी हाय, पण तोडणी-वाहतूक न्हाई.” हे वाक्य तिनं आबांकडून उचललं आहे; तिचं माहेर शिरोळ तालुक्यातलंच.

मला स्वतःला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. पुण्याला गेलेला पाच वर्षांनी कुठल्या कुठं गेलेला असतो, आणि इथं राहिलेल्या पोरीला पाच वर्षांनी मालक पंचवीसच देत असेल तर ती काय दारात जाऊन बसणार? कदाचित बसेलही. पण सुरुवातीच्या पगारावरून माणसाचा उतारा काढायची ही जी घाई आहे, ती उसालाही कुणी करत नाही. त्याला बारा-अठरा महिने उभं राहू देतात.

फ्लेक्स मात्र तोवर थांबत नाही. मधल्या काळात त्या चौकात गणपती येऊन जातात, कुणीतरी जिल्हाध्यक्ष होतं, आणि पॅकेजवाल्या पोरांच्या कापडानं कुणाच्या तरी गोठ्याची पावसाळी झड अडवलेली असते. टाय तेवढी दिसत राहते.

शिरोळच्या पोराला नोकरीत वर्ष झालं. मी पुन्हा गेलो होतो तेव्हा त्याचा फोन आला. आबांनी स्पीकर लावला, कारण त्यांना फोन कानाला लावून ऐकायची सवय नाही. व्हेरिएबल जमा झालं होतं. 42 हजारांपैकी 31,500.

“म्हंजे किती टक्के बसले?”

“पंचाहत्तर. साहेब म्हणाले, यंदा कंपनीचंच वर्ष बरं गेलं न्हाई.”

“असं सगळेच म्हणत्यात.” आबांनी थोडा विचार केला. “तरी आमच्या दुसऱ्या हप्त्यापेक्षा बरं हाय. तुमचा चेअरमन कोण?”

“तो अमेरिकेत असतो, आबा.”

“असू दे की. इलेक्शन कवा हाय?”